हार्प आणि जॅझ : एडमार कास्तानेदा यांची माँट्रियल मैफल

हार्प हे पाश्चात्त्य तंतुवाद्य जॅझमध्ये क्वचितच ऐकू येते. वाद्यवृंदात त्याच्या वाट्याला बहुधा अलंकरणाचे काम येते. जॅझमधील लयीचा जोर आणि उत्स्फूर्त विस्तार त्याला पेलणार नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कोलंबियन हार्पवादक एडमार कास्तानेदा आणि जपानी पियानोवादक हिरोमी उएहारा यांची २०१७ मधील मैफल या समजाला दिलेले उत्तर म्हणून लक्षणीय ठरते. ती कॅनडातील माँट्रियल आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवात झाली.

अडचण वाद्याच्या रचनेतच आहे. पियानोच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, हार्पला मात्र सातच तारा. आपल्याकडील स्वरमंडल रागाच्या स्वरांत जुळवले जाते, त्याप्रमाणे हार्पही एका वेळी एकाच स्वरसमूहात बांधलेले असते. वाद्यवृंदातील ४७ तारांच्या हार्पला सात पेडल असतात. एक पेडल सरकवले की त्या नावाचा स्वर सर्व सप्तकांत अर्ध्या स्वराने चढतो किंवा उतरतो. जॅझमध्ये स्वरसंगती झपाट्याने बदलत असल्याने वादकाच्या पायांनाही बोटांइतकेच सजग राहावे लागते. ही कसरत साधून डोरोथी अ‍ॅशबी यांनी १९५७ मध्ये ‘द जॅझ हार्पिस्ट’ ही ध्वनिमुद्रिका सादर केली. अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१ मधील ‘जर्नी इन सच्चिदानंद’मध्ये हार्पला तंबोऱ्याची साथ आहे, तिचे नाव त्यांचे गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्यावरून आले.

कास्तानेदा वेगळ्या वाटेने जॅझकडे आले. त्यांचा जन्म १९७८ मध्ये बोगोटा येथे झाला. त्यांचे वाद्य ‘आर्पा यानेरा’, म्हणजे कोलंबिया व व्हेनेझुएला यांच्या गवताळ मैदानांतील लोकहार्प. पारंपरिक यानेरा हार्पला साधारण ३२ तारा असतात आणि पेडल नसतात. ‘होरोपो’ या तेथील लोकसंगीतात हे वाद्य शोभेपुरते नसते. कुआत्रो आणि माराकास यांच्यासोबत ते नृत्याची लयच चालवते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर कास्तानेदा यांनी ट्रम्पेटवर जॅझचे शिक्षण घेतले आणि ती भाषा हार्पवर उतरवली. त्यांचा डावा हात बास गिटारसारखे खर्जाचे ठोके देतो, तर उजवा धून आणि स्वरसंगती सांभाळतो.

माँट्रियलच्या मैफलीत या दुहेरी भूमिकेची कसोटी लागली. आदल्या वर्षी याच महोत्सवात दोघांची भेट झाली होती. मंचावर ड्रम नव्हते, बासही नव्हता. लय धरून ठेवण्याची जबाबदारी दोन्ही वादकांनी आलटून पालटून उचलली. कास्तानेदा यांची ‘अ हार्प इन न्यूयॉर्क’ आणि बासवादक जाको पास्टोरियस यांना वाहिलेली ‘फॉर जाको’, पंचमहाभूतांपैकी वायू, पृथ्वी, जल व अग्नी यांवरील हिरोमी यांची चार भागांची ‘द एलिमेंट्स’, तसेच आस्तोर पियाझोला यांची ‘लिबरटँगो’ या रचना त्यात होत्या. त्याच वर्षी ‘लाइव्ह इन माँट्रियल’ या नावाने हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले.

या मैफलीत हार्प पियानोची नक्कल करत नाही. बारा स्वर सहज हाताशी नसण्याची उणीव ते तालाच्या बळावर भरून काढते, आणि हे बळ त्याला मैदानी लोकपरंपरेतूनच मिळालेले आहे.