शिष्यवृत्ती आणि जोहराच्या बांगड्या

दहावीचा निकाल लागला की 'डॉक्टर की इंजिनियर?' हा प्रश्न आपल्या घराघरांत निघतो. या दोन्ही वाटा जेथे मिळतात ती शाखा म्हणजे जीववैद्यकीय अभियांत्रिकी, अर्थात रुग्णाच्या शरीरासाठी लागणारी साधने बनविण्याचे शास्त्र. तिच्याकडे आडवाटेने आलेल्या एका शिष्यवृत्तीधारकाची ही हकीकत आहे. त्यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे. मात्र रॉकेटांच्या गाजावाजात त्यांची ही बाजू झाकून गेली.

अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरम येथे झाला. वडील जैनुलाबदीन हे इमाम होते. होडीवर प्रपंच चाले. तिरुचिरापल्लीस भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर कलामांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. परंतु त्यासाठी सुमारे १,००० रुपये लागणार होते व वडिलांपाशी तेवढे नव्हते. तेव्हा थोरली बहीण जोहरा हिने सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. त्या आपल्या कमाईतून सोडवायच्या, असा कलामांनी निश्चय केला. हाती उपाय एकच होता : कसून अभ्यास करून शिष्यवृत्ती मिळविणे. (स्मरणिकांतून शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांची छायाचित्रे छापतात, दागिने गहाण ठेवणाऱ्या आपांची व अम्मींची नाहीत. संपादकांनी हे मनावर घ्यावे.)

शिष्यवृत्ती मिळाली, पण ती टिकविणेही सोपे नव्हते. विमानाच्या आराखड्याचे काम रेंगाळलेले पाहून संचालक प्रा. श्रीनिवासन यांनी त्यांना सुनावले की, तीन दिवसांत आराखडा आला नाही तर शिष्यवृत्ती बंद. कलामांनी महिनाभराची मुदत मागितली होती! त्या रात्री ते जेवलेही नाहीत. आराखड्याच्या फळ्यापुढे बसून त्यांनी काम मुदतीत आणले, आणि प्राध्यापकांनी त्यांना पोटाशी धरले.

पुढचे सर्वज्ञात आहे : १९८० मध्ये एस.एल.व्ही.-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, १९८९ मध्ये अग्नीचे उड्डाण झाले. परदेशी स्टेंट गरिबाला परवडेनात, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांच्यासह त्यांनी १९९० च्या दशकात स्वदेशी स्टेंट तयार केला. 'कलाम-राजू स्टेंट' तो हाच.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते कॅलिपरचे काम. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील एक अस्थिरोगतज्ज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत आले असता क्षेपणास्त्रासाठीचे हलके साहित्य त्यांनी हातात उचलून पाहिले. मग ते कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तेथे पोलिओने पाय अधू झालेली लहान मुले तीन-तीन किलोंहून जड धातूचे कॅलिपर बांधून पाय ओढीत चालत होती. थोड्याच आठवड्यांत त्याच साहित्याचे तीन-चारशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. मुले ते बांधून चालू-फिरू लागली, आणि बाजूला उभ्या असलेल्या आईबापांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ही हकीकत कलाम साहेब पुढे भाषणांतून वारंवार सांगत.