मोहाची फुले आणि स्कॉच व्हिस्की

मद्याची प्रतिष्ठा बहुधा सरकारी कराच्या आश्रयाने वाढते, असे आम्हांस वऱ्हाडच्या इतिहासावरून वाटते. मेळघाटातील कोरकू लोक मोहाच्या फुलांची दारू परंपरेने गाळीत आले. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. पुढे 1938 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदाही झाला.

आज अमरावती-अकोल्याच्या सुखवस्तू मंडळींत मान आहे तो व्हिस्कीला. वस्तुतः या नावाने आपल्याकडे खपणाऱ्या मालात पुष्कळदा उसाच्या मळीचा मद्यार्क असतो, आणि युरोपीय संघ अशा मद्यास व्हिस्की म्हणू देत नाही. स्कॉचवरील 150 टक्के जकात प्रथम 75 व दहाव्या वर्षापर्यंत 40 टक्क्यांवर आणण्याचे 24 जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन करारात ठरले.

मद्यपानाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु स्कॉटलंडच्या कारखानदारासाठी दोन सरकारे वर्षानुवर्षे वाटाघाटी करतात, आणि मोहाची फुले वेचणाऱ्या कोरकूच्या वाट्यास मात्र शिपायाची धाड येते, या भेदाचा विचार वाचकांनी अवश्य करावा.