हिरकणीचा कडा आणि बँकेचा स्विच

येरवड्यात राहणाऱ्या माणसाची भिंतींशी जुनी ओळख असते. इथल्या मध्यवर्ती कारागृहाची उभारणी १८७१ सालची. आज त्याच परिसरात पंचशील टेक पार्क, कॉमरझोन अशी काचेची संकुले उभी आहेत आणि तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘फायरवॉल’ हा शब्द सहज येतो. अशाच एका संकुलात नोकरीला असलेला माझा भाचा गेल्या दिवाळीत घरी आला. माझा जुना संगणक पाहून म्हणाला, “मामा, लिनक्स आहे ना तुमच्याकडे? मग निवांत राहा. चोर गर्दीच्या बाजारात खिसे कापतात, आडगल्लीत नाही.”

त्याचे बोलणे मला पटले होते, कारण दहा वर्षे मीही हेच सांगत आलो होतो. पण मनात शंका राहिली आणि तिच्यापायी मी या विषयाचा इतिहास चाळू लागलो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कुलूप मजबूत असणे ही एक गोष्ट आणि त्या दाराशी अजून कुणी फिरकलेले नसणे ही दुसरी. कमी वापरातल्या प्रणालीला ‘सुरक्षित’ म्हणताना आपण बहुतेकदा दुसरीच्या जोरावर पहिलीचे प्रमाणपत्र देत असतो.

शिवाय ‘कमी वापरातली’ म्हणजे नेमकी कुठे कमी? २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर मॉरिस वर्म सुटला. त्याने ग्रासले ते युनिक्सच्या बर्कली शाखेवर चालणारे व्हॅक्स आणि सन कंपनीचे संगणक. घराघरांतल्या संगणकांवर तेव्हा युनिक्स औषधालाही नव्हते. पण विद्यापीठांच्या जाळ्यावर राज्य त्याचेच होते. म्हणजे घरी दुर्मीळ असलेली प्रणाली दुसऱ्या ठिकाणी भर बाजारपेठेतली असू शकते आणि चोर जातो तो त्याला हव्या असलेल्या बाजारात.

भाच्याच्या बाजूने पुरावा नाही असे नाही. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्रायने सुमारे १५० देशांतले विंडोज संगणक ओलीस धरले. लिनक्सवाले त्यातून सुटले. सरसकट जाळे टाकून मासे धरणाऱ्यांपासून आडबाजूला राहणाऱ्याचा बचाव होतो, हे खरेच. मात्र त्याच वॉनाक्रायची दुसरी बाजूही आहे. ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते वेळेवर लावले, ते विंडोजवर असूनही त्या भोकापुरते सुरक्षित राहिले.

उलट उदाहरणेही आहेत. ‘मॅकला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकल्यावर २०१२ साली फ्लॅशबॅकने सहा लाखांहून अधिक मॅक संगणक ताब्यात घेतले. २०१६ साली मिराईने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने जिंकले आणि त्यासाठी काही मोठी विद्या वापरली नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

या प्रश्नाला खरी धार आली ती मात्र आपल्याच शहरात. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डे त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममध्ये फिरली. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाशी जोडली. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना दोषी ठरवले.

चोरीची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच खात्यातली शिल्लक तपासून घेतो आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर पाठवतो. चोरांनी मध्येच आपला तोतया स्विच बसवला. ठरलेल्या कार्डांची विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. परस्पर ‘द्या’ असे उत्तर जात राहिले. म्हणूनच खातेदारांच्या शिल्लकेला धक्का लागला नाही. फटका बसला बँकेला.

याच टोळीच्या अशाच एटीएम चोऱ्यांबद्दल अमेरिकी सरकारने २ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘फास्टकॅश’ या नावाने इशारा प्रसिद्ध केला. त्यात मला माझे उत्तर सापडले. तपासलेले सगळे बाधित स्विच आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीवर चालत होते. एआयएक्स १९८६ पासून आहे. पण तुमच्या-माझ्या घरी ती कधीच येणार नाही. इतकी आडवाटेची प्रणाली, आणि तिच्यासाठी चोरांनी खास घातक प्रोग्रॅम लिहून घेतला होता. कारण पैसा तिथे होता.

त्याच इशाऱ्यात आणखी दोन वाक्ये होती. त्या एआयएक्सच्या आवृत्त्या जुन्या, कंपनीने आधार काढून घेतलेल्या होत्या. आणि चोरांनी एआयएक्समधली कुठलीही त्रुटी फोडल्याचा पुरावा नव्हता. संशय असा की, कर्मचाऱ्यांना फसवे ईमेल पाठवून त्यांनी आधी बँकेच्या विंडोज संगणकांत शिरकाव केला आणि मग खऱ्या कर्मचाऱ्यांच्या परवानग्या वापरून ते स्विचपर्यंत पोहोचले. कुलूप फुटलेच नाही. किल्ली हातात घेऊन चोर आत आला. पुढे याच फास्टकॅशची विंडोजवरची आवृत्ती २०२० साली उजेडात आली, तर लिनक्सवरची २०२४ साली. प्रणाली बदलली तशी चोरांनी हत्यारे बदलली.

रायगडाची हिरकणी आपल्याला आख्यायिकेतून ठाऊक आहे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती कडा उतरून गेली. त्या बाजूला पहारा नव्हता, कारण तिथून कुणी जाऊ शकेल असे कुणाला वाटलेच नव्हते. कथेतले राजे तिचे कौतुक करून थांबत नाहीत. त्या कड्यावर बुरूज बांधून घेतात. तोवर तिथून कुणी आले नव्हते, एवढ्यावर त्यांनी कडा अभेद्य मानला नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर एका रात्री मी स्वतःच्या संगणकाकडे वळलो. त्यावर उबुंटूची १६.०४ ही आवृत्ती होती. तिचा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्येच संपलेला. त्यानंतरही मी त्याच संगणकावरून पेन्शनचे खाते पाहत होतो, मुदतठेवी मोडत होतो आणि ‘आपल्याला कसली भीती’ असे चारचौघांत सांगत होतो. जुनी, आधार संपलेली, आडवाटेची प्रणाली: स्विचबद्दल वाचलेले वर्णन माझ्या टेबलालाही लागू पडत होते.

नवी आवृत्ती चढवायला सारी दुपार गेली. बँकेचा पासवर्ड बदलला. आठ वर्षे तो एकच होता. मग भाच्याला फोन केला. तो हसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “मामा, मीही माझा एकदा बघतो.”