अनिवासी खातेदार आणि स्विस बँका : ओळख, गोपनीयता व वारसाहक्क

प्रस्तावना

ज्या देशात आपले वास्तव्य नाही तेथील बँकेत खाते उघडणे ही आज कागदपत्रांची दीर्घ प्रक्रिया आहे. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पैशाचा स्रोत आणि स्वदेशातील कर क्रमांक यांची पूर्तता झाल्याखेरीज अर्ज सहसा पुढे सरकत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडमध्ये परकीय ठेवीदाराला मात्र त्याच्याविषयी कोणाला काही कळू नये, याचीच हमी हवी होती आणि ती मिळतही होती. ‘स्विस बँक’ हा शब्द भारतात काळ्या पैशाचा पर्याय म्हणून रूढ झाल्याने या इतिहासाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली आहे. खाते आणि खातेदार यांना जोडणारा पुरावा विरळ ठेवण्याची किंमत अखेर कोणाला मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९३४ चा कायदा आणि त्याविषयीची दंतकथा

जर्मन ज्यूंची संपत्ती नाझी राजवटीपासून वाचविण्यासाठी स्वित्झर्लंडने बँकिंग गोपनीयतेचा कायदा केला, असे अनेकदा सांगितले जाते. १९६६ मध्ये एका मोठ्या स्विस बँकेच्याच पत्रिकेने या कथेला प्रसिद्धी दिली. वस्तुस्थिती इतकी उदात्त नाही. ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी बाझलर हांडल्सबँक या स्विस बँकेच्या तेथील कार्यालयावर छापा घातला. कर चुकविणाऱ्या फ्रेंच ग्राहकांच्या यादीत संसद सदस्य, सेनापती आणि बिशपही निघाले. (परदेशी बँकेतील नावांच्या यादीवरून होणारे राजकारण भारताला अलीकडे परिचित झाले, युरोपने ते तेव्हाच अनुभवले.) त्याच सुमारास आर्थिक मंदीने स्विस बँका खिळखिळ्या झाल्या होत्या. १९३३ मध्ये श्वाइझेरिशे फोल्क्सबँक सावरण्यासाठी संघ सरकारला १० कोटी फ्रँक घालावे लागले. बँकांवर देखरेख आली, तर परकीय ठेवीदार बिथरू नयेत अशीही तरतूद हवी होती. ८ नोव्हेंबर १९३४ च्या बँकिंग कायद्यातील कलम ४७ ने ग्राहकाची माहिती फोडणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. हा कायदा मार्च १९३५ मध्ये अमलात आला.

कायद्याच्या हेतूविषयीची कथा खोटी असली, तरी खातेदारांची भीती खोटी नव्हती. जर्मनीने १९३१ च्या बँक संकटानंतर परकीय चलनावर नियंत्रण आणले, १९३३ मध्ये परदेशातील संपत्ती जाहीर करणे सक्तीचे केले आणि डिसेंबर १९३६ च्या कायद्याने संपत्ती बेकायदा परदेशी नेण्यास वा ठेवण्यास देहदंडाची शिक्षा ठेवली. अशा ठेवीदारासाठी बँकेचे साधे पत्रही जीवघेणे ठरू शकत होते. त्यामुळे पत्रव्यवहार घरी न पाठविता बँकेतच राखून ठेवावा, अशी सूचना खाते उघडताना दिली जाई. काही खाती केवळ क्रमांकाने ओळखली जात. खातेदाराचे नाव बँकेला ठाऊक नसे असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते मोजक्या अधिकाऱ्यांना ठाऊक असे. काही वेळा खाते स्विस मध्यस्थाच्या नावे असे आणि खरा मालक कागदावर कोठेच नसे.

या व्यवस्थेत एक गृहीतक होते : खातेदार केव्हातरी स्वतः येईल. तो आलाच नाही तर काय, हा प्रश्न १९४५ नंतर उभा राहिला.

वारसांची अडचण

छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांचे वारस बँकांकडे चौकशी करू लागले तेव्हा त्यांच्याजवळ ना खाते क्रमांक होता, ना पासबुक. बँकांनी मृत्यूचा दाखला आणि वारसा हक्काचा पुरावा मागितला. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या बहुतेकांचे असे दाखले नव्हतेच. ज्या गोपनीयतेने ठेवीदाराला त्याच्या सरकारपासून आडोसा दिला होता, तीच आता त्याच्या मुलांपुढे भिंत होऊन उभी राहिली. याउलट, नाझी दडपणाखाली खातेदारांनी सही केलेल्या पत्रांवरून युद्धापूर्वी कित्येक रकमा जर्मनीकडे वर्ग झाल्या होत्या. सही अस्सल होती. तेवढ्यावर बँकेचे समाधान झाले.

डिसेंबर १९६२ मध्ये स्विस सरकारने अशा खात्यांची माहिती देण्याचा आदेश काढला, तेव्हा एकूण सुमारे ९५ लाख फ्रँकच जाहीर झाले. १९९६ मध्ये पॉल व्होल्कर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९९ च्या तिच्या अहवालानुसार १९३३ ते १९४५ या काळात स्विस बँकांत सुमारे ६८ लाख खाती होती. त्यांपैकी सुमारे ४१ लाखांच्या नोंदी शिल्लक होत्या आणि ५३,८८६ खात्यांचा नाझी अत्याचारांच्या बळींशी संभाव्य संबंध आढळला. नोंदी नष्ट करण्याचा संघटित कट समितीला दिसला नाही. काही बँकांचे वर्तन फसवे होते, वारसांना दिशाभूल करणारी उत्तरे दिली गेली आणि लहान ठेवी बँक शुल्कातच विरून गेल्या, हे मात्र तिने नोंदविले. अहवालाच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९९८ मध्ये, दोन प्रमुख बँकांनी अमेरिकेतील दाव्यांत १२५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले होते.

नियमांचा बदल

खातेदाराची ओळख पटविण्याचे बंधन आले ते या वारसांमुळे नव्हे. १९७७ मध्ये श्वाइझेरिशे क्रेडिटआन्श्टाल्टच्या कियासो शाखेतील घोटाळा उघड झाल्यावर बँकांनी ओळख तपासणीचा करार आपसांत केला. तरीही गोपनीयता शिथिल करण्याचा प्रस्ताव मे १९८४ च्या जनमतात ७३ टक्के मतांनी फेटाळला गेला. निर्णायक दबाव बाहेरून आला. २००९ मध्ये यूबीएसने ७८ कोटी डॉलर भरून अमेरिकी खटला टाळला, आणि २०१७ पासून खात्यांची माहिती परदेशी कर खात्यांना आपोआप देण्याची पद्धत स्वित्झर्लंडमध्ये अमलात आली. भारताला अशी पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. तोवर भारतातही चित्र पालटले होते. १९७३ च्या परकीय चलन कायद्याखाली सामान्य निवासी भारतीयाला परदेशात खाते ठेवणे जवळपास अशक्य होते. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवून तसे खाते उघडण्यास मुभा दिली. ही मर्यादा २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली.

निष्क्रिय खात्यांचा प्रश्नही कायद्याच्या चौकटीत आला. २०१५ पासून साठ वर्षे संपर्क नसलेल्या, पाचशे फ्रँकपेक्षा अधिक रकमेच्या खात्यांची नावे स्विस बँका प्रसिद्ध करतात. त्यांत काही भारतीय नावेही आली. दावेदाराला नाते आणि ओळख कागदोपत्री सिद्ध करावी लागते. ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे न आल्यास रक्कम स्विस संघ सरकारच्या तिजोरीत जाते.