फुकट दिसणारा सामना : उपकार नव्हे, हक्क

मागच्या २ नोव्हेंबरची, म्हणजे २०२५ मधल्या त्या रविवारची रात्र आठवते ना? नवी मुंबईत महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दिवसभर कापूस वेचून, घरचं जेवणखाण आवरून आम्ही बचत गटाच्या नऊजणी एकीच्या घरी जमलो. तिच्या टीव्हीचा रिचार्ज दिवाळीतच संपला होता. मग तिच्या मुलाचा फोन डब्याला टेकवून ठेवला. तळहाताएवढा पडदा आणि बघणाऱ्या आम्ही नऊ. दक्षिण आफ्रिकेची कप्तान वोल्वार्ट अजून खेळत होती, आपला जीव टांगणीला लागलेला, आणि पोरगा म्हणाला, "आजचं नेट संपलं." फोन खिशात घालून तो निघूनही गेला. आपण विश्वचषक जिंकलो हे आम्हाला मध्यरात्री फटाक्यांच्या आवाजावरून कळलं.

तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "पहिले तं मॅच फुकट दिसे. आता काहून पैसे लागतेत?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आजचं भाषण तयार झालं.

आधी एकोणीसशे सत्त्याऐंशी सालात जाऊ. तारीख ३१ ऑक्टोबर. विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना आपल्या नागपुरात होता. मी तेव्हा नववीत होते आणि घाटंजीत मोजक्या घरांत टीव्ही होता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या बैठकीत बाप्ये आणि पोरं दाटीवाटीने बसलेली, आम्ही मुली माजघराच्या उंबऱ्यावर. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग सुनील गावसकरांनी शतक ठोकलं, एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकुलतं एक. अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण पैसे कुणीच मागत नव्हतं. टीव्ही ज्याचा होता त्यालाही फक्त विजेचं बिल यायचं.

तेव्हा फुकट दिसायचं, कारण दाखवणारं दूरदर्शन एकटंच होतं. दुसरं दुकानच नव्हतं. पुढे केबल आली, परदेशी कंपन्या आल्या आणि क्रिकेट दाखवायच्या हक्कांना भाव आला.

पहिली मोठी ठिणगी १९९३ च्या नोव्हेंबरात पडली. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कप भरवला आणि दाखवण्याचे हक्क परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनला ते मान्य नव्हतं. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे प्रक्षेपणाचा अधिकार सरकारचाच, असं सरकारचं म्हणणं होतं. परदेशी कंपनीची यंत्रं मुंबईच्या कस्टममध्ये अडकून पडली. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरने शेवटच्या षटकात सहा धावा होऊ दिल्या नाहीत, ती हीच स्पर्धा.

निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. त्याचा गाभा असा : हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती सरकारची मिरास नाही आणि पैसेवाल्याचीही नाही. तिच्यावर देखरेख सार्वजनिक संस्थेने ठेवायची, तीही लोकांच्या हितासाठी.

मैत्रिणींनो, गावरान विहिरीसारखंच हे आहे. विहीर गावाची असेल तर पाणी कुणी भरायचं हे एकट्याने ठरवायचं नसतं. आणखी एक गंमत ऐका. आज माझं बोलणं ज्या सामुदायिक रेडिओवरून तुमच्यापर्यंत येतंय, त्याची वाटही याच निकालाने मोकळी झाली. २००६ पासून सामाजिक संस्थांना असे रेडिओ चालवायची मुभा मिळाली. म्हणजे क्रिकेटच्या भांडणातून आपल्यालाही आवाज मिळाला.

पण निकाल लागला म्हणून सामना लगेच घरात आला नाही. पुन्हा नागपूरच आठवा. २१ जानेवारी २००७, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. सौरव गांगुली संघात परतला आणि ९८ वर धावबाद झाला. वीस वर्षांपूर्वी ज्या शहरातला सामना आम्ही उंबऱ्यावरून पाहिला, त्याच शहरातला हा सामना दूरदर्शनवर थेट दिसलाच नाही. हक्क निंबस कंपनीकडे होते आणि तिने दूरदर्शनला थेट चित्र दिलं नाही. केबल असलेल्यांनी पाहिला, बाकीचे पडदा बघत बसले.

देशभर ओरड झाली. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये संसदेने कायदा केला. त्याचं सार सोपं आहे. देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा सामना कोणतीही खासगी वाहिनी दाखवत असेल, तर तिने त्याच वेळी तेच चित्र, स्वतःच्या जाहिराती काढून, प्रसार भारतीला द्यायचं. दूरदर्शनने त्यावर जाहिराती घ्यायच्या. त्या कमाईतले शंभरातले किमान पंच्याहत्तर रुपये हक्कवाल्या कंपनीला आणि उरलेले प्रसार भारतीला. म्हणजे कंपनीही बुडत नाही आणि गरिबाच्या घरातही सामना येतो. आजींच्या काळात सामना फुकट दिसायचा तो सवयीने. २००७ पासून तो कायद्याने दिसतो.

यात एक खाच आहे, ती नीट ऐका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे वाटून घेतलेलं चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरूनच दाखवता येईल, खासगी केबल आणि खासगी डिशवरून नाही. अँटेनाचे जुने मनोरे आता बहुतेक बंद झालेत. उरली ती डीडी फ्री डिश, २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याचं काहीच नाही. दर महिन्याला केबलचे पैसे भरणाऱ्या घरात दूरदर्शन लावलं तरी तो सामना दिसत नाही, आणि पैसे न भरणाऱ्या फ्री डिशवाल्या घरात दिसतो, तो यामुळेच.

आता फोनकडे येऊ. २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क विकले गेले. भारतात टीव्हीवर दाखवण्याचे २३,५७५ कोटी आणि फोन-इंटरनेटवर दाखवण्याचे २३,७५८ कोटी. फोन टीव्हीच्या पुढे गेला. २०२३ मध्ये कंपनीने आयपीएल ॲपवर फुकट दाखवलं, मराठी समालोचनासकट. पोरांना सवय लागली. २०२५ मध्ये दोन ॲपं एक झाली आणि वर्गणी नाहीतर ठरावीक रिचार्ज मागू लागली. बाजारात पहिली चव फुकट असते, ही रीत आपल्याला नवी नाही.

आणि २००७ च्या त्या कायद्यात केबल, डिश आणि रेडिओ यांची नावं आहेत. ॲपचं नाव नाही, कारण तेव्हा सामना फोनवर येईल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

ऑस्ट्रेलियात हाच पेच आला होता. तिथे १९९२ च्या कायद्याप्रमाणे एक यादी आहे. यादीतल्या स्पर्धांचे हक्क पैसे घेणाऱ्या वाहिनीने फुकट वाहिन्यांच्या आधी विकत घ्यायचे नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी कायदा बदलून ॲपवाल्या कंपन्यांनाही तोच नियम लावला. फुकट वाहिनीने सामना दाखवलाच पाहिजे अशी सक्ती मात्र त्यात नाही. तरी फुकट दिसण्याने काय होतं ते पाहा. २०२३ चा महिला फुटबॉल विश्वचषक तिथे झाला. सगळे सामने पैसे भरूनच दिसत होते, पण त्यांच्या संघाचे सामने फुकट वाहिनीवरही होते. उपांत्य सामना सरासरी ७० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या अडीच कोटींच्या आसपास, आणि खेळणाऱ्या मुली!

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट इथेच आहे. टीव्ही घराचा असतो. भाकरी थापता थापताही कानावर पडतो, येताजाता दिसतो. फोन मात्र एकाचा असतो, आणि बहुतेक घरांत तो एक म्हणजे पुरुष. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३ होत्या, पुरुष ५७. सामना फोनमध्ये गेला की आधी उंबऱ्यावरची बाई बाहेर पडते. सांगलीची स्मृती मानधना कशी खेळते हे आपल्या पोरींनीच पाहिलं नाही, तर बॅट हातात घ्यायचं त्यांना सुचणार कसं?

म्हणून तीन कामं सांगते. पहिलं, आपल्या घरी केबल आहे, खासगी डिश आहे की फ्री डिश, हे आज पाहून ठेवा. दुसरं, गावच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीजवळ एक छत्री बसवण्याचा विषय ग्रामसभेत मांडा. नऊजणींनी एका फोनवर डोळे ताणण्यापेक्षा ते बरं. तिसरं, कोणता सामना महत्त्वाचा हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. त्या यादीत महिलांचे किती सामने आहेत आणि ॲपला हा नियम कधी लागणार, असं माहिती व प्रसारण मंत्रालयाला गटाच्या लेटरहेडवर विचारा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

त्या आजींना मी उत्तर दिलं. म्हटलं, "फुकट दिसे, कारण लोकं भांडले होते." त्या म्हणाल्या, "मंग आता आपण भांडू." पत्राखाली पहिली सही त्यांचीच आहे.