जायबंदी जवानाचा हिशेब

सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी तुम्ही पाहिली असेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ती बसवली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईवर इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी कामास आली, एवढाच तिच्यावरचा मजकूर. दोन आकडे आणि खाली काही नाही.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. आकडे दिसले की मला प्रश्न पडतात. गेले किती ते कळले, मेले किती ते कळले. पण हात, पाय किंवा डोळा गमावून परत आले किती? मेसोपोटेमियाच्या वाळवंटात आणि कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी लढल्या. तिथून परत आलेला प्रत्येक जण धडधाकट होता काय? तो तिसरा आकडा पाटीवर नाही. मेलेल्याचे नाव निघते, धडधाकट माणूस नांगर धरतो. मधला जो जायबंदी, तो ओसरीवर बसून राहतो आणि हळूहळू गावही त्याला विसरते. आज मला याच माणसाविषयी बोलायचे आहे. त्याला मिळणारा पैसा, तो वाढवून मिळावा म्हणून त्याने केलेली मागणी, आणि त्या मागणीचा इतिहास.

ही कल्पना साहेबाने आपल्याला शिकवली, असे मात्र समजू नका. कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत १६५९ च्या प्रतापगडच्या युद्धानंतरची हकीकत आली आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरी दिली. ज्यांना मुले नव्हती त्यांच्या बायकांना निमे वेतन चालू केले. आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. ‘जखम पाहून’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. आज वैद्यकीय मंडळ जवानाला तपासून अपंगत्वाची जी टक्केवारी ठरवते, तिचे बीज या दोन शब्दांत आहे. आणि आणखी एक गोष्ट: ही रक्कम दानधर्म म्हणून दिलेली नव्हती. राजाच्या कामात अंग गेले, त्याचा हिशेब राजाने चुकता केला.

पुढे काळ बदलला, फौजा पगारी झाल्या आणि हिशेब कागदावर गेला. १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी क्वीन मेरी यांच्या नावाने एक संस्था निघाली. नंतर ती पुण्याजवळ खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीलाच पुनर्वसन केंद्र निघाले. ही कामे मोलाची आहेत. पण पाय लाकडाचा मिळाला तरी घर चालवायला पैसा लागतोच, आणि पैशाचा प्रश्न नियमात अडकलेला असतो.

हा नियम समजून घेऊ. १९६१ च्या सैन्य निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्या जवानाला अपंगत्व पेन्शन मिळण्यासाठी दोन अटी होत्या. पहिली, हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. दुसरी, ते वीस टक्के किंवा त्याहून अधिक असावे. या पेन्शनचे भागही दोन: एक केलेल्या सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. अलीकडच्या वेतन आयोगांच्या काळात शंभर टक्के अपंगत्वाला हा दुसरा भाग हिशेबात धरल्या जाणाऱ्या शेवटच्या पगाराच्या तीस टक्के धरतात, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. प्रत्यक्ष लढाईतल्या जखमेला दर याहून बराच जास्त आहे.

वाचायला सोपे वाटते. पण भांडण कुठे होते ते एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांचा कागद घेऊन माझ्याकडे आला. वडील सैन्यातून आजार घेऊन परतले होते आणि पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला होता. कागदावर इंग्रजी चार अक्षरे होती: एन. ए. एन. ए. मुलगा म्हणाला, “सर, बाबांना वाटलं, नाना नावाच्या कुणा साहेबाची सही असेल.” मला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले. त्या चार अक्षरांचा अर्थ असा, की हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. म्हणजे आजार खरा, पण तो तुमचा तुम्ही पाहा. चार अक्षरांत माणसाचा सगळा दावा बाद!

आता विचार करा. भरती होताना त्या माणसाला डॉक्टरांनी आडवा-उभा तपासला होता. छाती मोजली, डोळे पाहिले, धावायला लावले आणि तंदुरुस्त म्हणून घेतला. मग बर्फात, वाळवंटात, रात्रीच्या पहाऱ्यावर वर्षे गेल्यावर आजार जडला, तर तो सेवेमुळे जडला हे सिद्ध कोणी करायचे? जवानाने? त्याच्याजवळ ना दप्तर, ना डॉक्टर, ना वकील. गंमत अशी, की १९८२ च्या नियमांतच लिहिले होते: हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर टाकू नये आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा. नियम पुस्तकात होता. कागदावर मात्र चार अक्षरे पडत होती.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात हा गुंता सोडवला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच मानावे लागेल. नंतर तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे गृहीत धरावे. आणि तसे नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. वैद्यकीय मंडळाने नुसता निर्णय देऊन भागणार नाही, कारणे लिहिली पाहिजेत. या निकालाने पेन्शनच्या दरात एक पैसाही वाढला नाही. तरी ज्याला शून्य मिळत होते त्याला काही मिळू लागले, आणि याहून मोठी वाढ कोणती?

दुसरे भांडण टक्केवारीचे. माणसाचे दुखणे काही काटेकोर वीस किंवा तीस टक्के नसते. म्हणून १ जानेवारी १९९६ पासून एक सवलत लागू झाली. अपंगत्व पन्नास टक्क्यांहून कमी असेल तर ते पन्नास धरायचे. पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर. आणि त्यापुढे शंभर. हिशेब करून पाहा. समजा हिशेबाचा पगार ४०,००० रुपये आहे. शंभर टक्क्यांना १२,०००. वीस टक्के अपंगत्व असेल तर २,४००. तेच पन्नास धरले तर ६,०००. एका घरात महिन्याला ३,६०० रुपयांचा फरक म्हणजे औषधपाणी आणि मुलीची शाळा.

पण ही सवलत मुदतीआधी अपंग म्हणून बाहेर काढलेल्यालाच होती. जो माणूस अधू अंगाने कुरकुर न करता पुढे काम करत राहिला आणि पुरी नोकरी करून निवृत्त झाला, त्याला ती नाही. म्हणजे अधिक काम करणारा तोट्यात! जवान न्यायालयात गेले. खालून वर खटले चालत राहिले, आणि बहुतेक ठिकाणी जवान जिंकले की सरकारी खाते वर अपील करी. शेवटी १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘भारत सरकार विरुद्ध राम अवतार’ या प्रकरणात अशी शेकडो अपिले एकदम निकालात काढली आणि दोघांना सारखाच न्याय दिला. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही, अपंग सैनिकांविरुद्ध अपिले करत बसण्याची ही रीत सोडावी असे सुचवले. आपल्याच जखमी माणसाशी आपल्याच पैशाने कोर्टात लढणे शोभत नाही, हे सांगायलाही समिती बसवावी लागली.

तिसरे भांडण दराचे, आणि यात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. त्यात टक्केवारीची पद्धत मोडून ठरावीक रकमा सुचवल्या: शंभर टक्के अपंगत्वाला अधिकाऱ्यास २७,०००, जे.सी.ओ.स १७,००० आणि जवानास १२,००० रुपये. जखम सारखी असताना केवळ पगार मोठा म्हणून भरपाई मोठी का, हा त्यामागचा विचार. विचार अगदीच टाकाऊ नाही. सभासदाच्या ‘जखम पाहून’ शी तो थोडा जुळतो. नुकत्याच भरती झालेल्या शिपायाला यात कदाचित फायदाही झाला असता. पण ज्याचा पगार ६०,००० आहे त्याचे १८,००० चे १२,००० झाले असते. शिवाय नागरी खात्यांत टक्केवारीची पद्धत चालूच राहणार होती. मग त्याच सीमेवर, त्याच प्रकारच्या जखमेला दोन खात्यांत दोन मोले! आणि जखम पाहायची असे म्हणतानाही हुद्द्याप्रमाणे तीन दर ठेवलेच होते. तिन्ही सेनादलांनी आणि माजी सैनिकांनी आवाज उठवला. ३ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धत कायम ठेवण्याचे ठरवले.

यातून इतिहास काय शिकवतो? मला वाटते, एकच गोष्ट. जायबंदी जवानाचा पैसा तीन कुलपांत असतो. पहिले कुलूप, जखम सेवेची की नाही. दुसरे, ती किती टक्के. तिसरे, टक्क्याला दर काय. आपण वर्तमानपत्रात तिसऱ्याचीच चर्चा करतो, वाढ द्या म्हणतो. पण दर दुप्पट झाला आणि पहिले कुलूप बंदच राहिले, तर दुप्पट शून्य म्हणजे शून्यच. गेल्या काही दशकांत जी खरी वाढ पदरात पडली, तिचा मोठा वाटा पहिली दोन कुलपे उघडल्याने पडला. म्हणूनच २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी रकमेच्या आधी व्याख्यांची चौकशी केली. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

कुणी म्हणतात, खोटे दावेही येतात. येत असतील. ते तपासावेत, कारणे लिहून फेटाळावेत. पण चोर सापडावा म्हणून साऱ्या गावाला कोंडून ठेवायचे नसते.

आणि अपंग म्हणजे निकामी, असेही समजू नका. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. तेच पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. मध्ये छेचाळीस वर्षे गेली. जखमी माणसाची आठवण ठेवायला आपल्याला किती वेळ लागतो, याचा हा एक हिशेब.

शेवटी गावकरी मंडळींना आणि शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याचा कागद एकदा वाचून दाखवा. भरतीच्या वेळचा शेरा, वैद्यकीय मंडळाचा शेरा, टक्केवारी आणि तारीख, ही चार कलमे पाहा. ‘एन. ए. एन. ए.’ दिसले तर घाबरू नका. खाली कारण लिहिले आहे का ते पाहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण झाले असून त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. दाद मागायला दिल्लीच गाठायला हवी असे नाही. अपिलाला मुदत असते, तेवढी सांभाळा.

आणि गुरुजी, पुढच्या वेळी मुलांना त्या संगमरवरी पाटीजवळ न्याल, तेव्हा दोन आकडे वाचून परत फिरू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, जुने कागद पाहून, त्या लढाईतून आणि नंतरच्या लढायांतून अधू होऊन आलेल्यांची नावे मुलांकडून वहीत लिहून घ्या. तिसरा आकडा दगडावर नसला तरी गावाच्या वहीत असू द्या. ज्याचे नाव गावाला माहीत आहे, त्याचा कागद सहसा फायलीत कुजत पडत नाही.