शब्दवेध : हनुक्का आणि मलिदा

'हनुक्का', 'हनुका', 'खनुका' ही एकाच ज्यू सणाची रूपे. कारण मूळ हिब्रू शब्दाचे आद्याक्षर 'ह' आणि 'ख' यांच्या दरम्यान कोठेतरी घशाशी घासत उमटते. अर्थ 'समर्पण', इ.स.पू. 164 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पुनश्च ईश्वरार्पण झाले, त्याचे हे कृतज्ञ स्मरण. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल ज्यूंना मात्र हा सण पूर्वी ठाऊक नव्हता; नवस फळला की प्रेषित एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून, भिजवलेल्या पोह्यांत गूळखोबरे कालवून केलेल्या मलिद्यातच त्यांची कृतज्ञता प्रकट होई. 'मलिदा' आला फारसी 'मालीदन्', म्हणजे चोळणे, मळणे, यावरून. धानाच्या या गोंदिया मुलखात पोह्यांची महती सांगणे नलगे. परंतु ज्या शब्दाने तेथे ईश्वराचे ऋण मानावे, त्याच शब्दाने येथे कंत्राटातली लूट सूचित व्हावी, हा शब्दाचा दोष नव्हे, दानत आपली!